हाड मऊ निघालं

गडमुडशिंगी,
१२ जून २००६

ती. सौ. आक्कास,
संघर्षचा जय भीम. वि. वि. फोनवर तू एकटीच बोलतीस, म्हणून पत्र लिवतोय.

माझं पुढं आलेलं दात मागं वढायला डॉक्टरीणबाईंनी जबड्याच्या हाडात तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू बसवलेला. परवा भडंग खाताना तो निघाला. शेंगदाणा म्हणून मी चावला बी.

बाई म्हणाल्या, स्क्रूत खोट न्हाई, तिथलं हाड मऊ हाय. वरचं कवच पातळ, आत स्पंजागत, मग स्क्रू धरणार कशाला? शेजारी बसलेल्या बाबांनी नुसतं ‘हाड मऊ’ ऐकलं. पोरगं अशक्त निघालं म्हणून आता दर आयतवारी पायाचा रस्सा. मी कशाला बोलतोय? गप वरपतोय.

आपली चांदी शेळी आठवती? मोरीजवळच्या वल्ल्या मातीत आपण खुंटा ठोकला, आन् ती खुंट्यासकट जाऊन शेजारच्या तानाबाईचं लुगडं चघळत उभी. खुंटा लांबलचक हुता की, भुईच भुसभुशीत. माझ्या तोंडात तसंच झालं.

आता दुसरी जागा बघणार हायत. धरला तर धरला, न्हाईतर दात हायत तसं.

लोभ घट्ट असू दे, माझ्या हाडागत नको.
तुझा फावड्या,
संघर्ष


जयसिंगपूर,
२० जून २००६

चि. संघर्षला आक्काचा जय भीम आणि पाठीत एक धपाटा. वि. वि. बाबांना सांग, रश्शानं जबडा न्हाई, पोट वाढतंय.

तवा तानाबाई खराटा घेऊन आलती आणि आपली आय दाराआड तोंडाला पदर लावून हसत हुती. हसू पदरात मावत न्हवतं. तिचं बी दात असंच पुढं.

खरं सांगू? स्क्रू निघाला वाचून मला बरं वाटलं. आय गेली, तिचा हसरा फोटो एक न्हाई. लग्नातल्या फोटोत बी ओठ दाबून बसलीया. तू हसलास की ती दिसती. दात आत गेलं तर मी कुठं बघू? पण पोरं फावड्या म्हणायची तवा तू शाळा बुडवून ओढ्याला जाऊन बसायचास, ते बी मलाच ठावं. तोंड तुझं हाय. तुला वाटंल तसं कर.

माया हाय तशी ठेव.
तुझी आक्का


गडमुडशिंगी,
२ डिसेंबर २००६

ती. सौ. आक्कास,
जय भीम. वि. वि. बाईंनी एक्सरे बघून जरा पुढं, दोन मुळांच्या मधी टणक हाड गाठलं. नवा स्क्रू जाम हलत न्हाई. बाबा म्हणत्यात रश्शाचा गुण. मी व्हय म्हणालो, न्हाईतर आयतवार बुडायचा.

दात मागं सरकाय लागल्यात. ओठ मिटत्यात. आरशात बघितलं, बरा दिसतोय की मी. तरी बाईंना इचारलं, थोडं पुढंच ठेवता येतील का. त्या म्हणाल्या, असं मागणारा तू पहिलाच. कारण इचारलं, तर मी नुसता हसलो. मग म्हणाल्या, कुठं थांबायचं ते तूच सांग.

मला कसं कळणार? आरशात मला मीच दिसतोय. पुढच्या आयतवारी ये. मी हसतो, तू नीट बघ. आय दिसायची बंद व्हायच्या आत ‘बास’ म्हण.

वाट बघतोय.
संघर्ष