ओ कुणी दिली

मंगळवार, १४ ऑक्टोबर १९९७

पोचलो एकदाचा! खर्ड्यापर्यंत एसटी, पुढं मुकादमाच्या टेम्पोत आणि शेवटी माळ चढून पायी. आईनं दिलेले राहात्याचे पेरू निम्मे वाटेतच चेंगरले. पण पवनचक्की दिसली आणि सगळा शीण गेला. पांढरा लोखंडी खांब, आतून पोकळ, आत शिडी आणि टोकाला छोट्या खोलीत यंत्र. चाचणीसाठी उभी केलेली ही एकच. आणि तिच्यावर वर्षभर अप्रेंटिस कोण, तर मी! वर्ष पुरं केलं की सर्टिफिकेट. दिवसही कसा चांगला, धम्मदीक्षेचा. निघताना बापूंनी सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं माझं नाव घेतलं. त्यांना जन्मभर लोकांनी छगन न म्हणता छग्या म्हटलं, म्हणून त्यांनी माझं नाव ठेवलं सम्राट. आता बघू कोण कसं तोडतंय, म्हणतात.

रविवार, १९ ऑक्टोबर

वैजनाथकाका इथले ऑपरेटर. हात धरून शिकवतात. वारा पडला की खालच्या पॅनेलच्या खोलीतून ब्रेक लावायचा, मग वर जाऊन ग्रीस भरायचं. वर पात्यांच्या दांड्याला ब्रेकचा चिमटा घट्ट धरून असतो; तो उघडला आणि वारा असला, की दांडा फिरलाच. पॅनेलच्या खोलीतून खांबाचं दार दिसत नाही. म्हणून उतरल्यावर काकांच्या समोर जाऊन तोंड दाखवायचं, तेव्हाच ते ब्रेक सोडतात. नुसती हाक मारून भागणार नाही का, असं विचारलं, तर न्हाई म्हणाले, थोबाड दिसलं पायजे.

जेवण माळाखालच्या आक्काबाई देतात. पिठलं असं, की बोटं चाटत बसावं. फक्त एक खटकतं. जेवण तयार झालं की त्या हाक मारत नाहीत, ताट वाजवतात. काकाही मला 'अवो' नाहीतर 'इंजिनेर' म्हणतात. आल्यापासून माझं नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर

माळाखालची वस्ती रिकामी झाली. दिवाळीचा फराळ संपायच्या आत टोळ्या ऊसतोडीला गेल्या. दारांना कुलपं, मागं नुसती म्हातारी माणसं. आज मात्र राहवलं नाही. काकांना सरळ विचारलं, माझ्या नावाचा विटाळ होतो का तुम्हाला? काकांनी कानाला हात लावले. तसं न्हाई पोरा, म्हणाले, हितं माळावर आमी कुनाचंच नाव घेत न्हाई. का, ते विचारलं तर बिडी पेटवून उठून गेले. मला नाही पटलं. असली कारणं बापूंनी पुष्कळ ऐकलीत.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

काका सामान आणायला नगरला गेलेत. वारा अजिबात नाही. दिवसभर कुणाशी एक शब्द बोललो नाही. च्यायला, आपलाच आवाज विसरायचो! शेवटी खांबाच्या दारात उभा राहिलो, वर तोंड केलं आणि ओरडलो, सम्राट! काय झकास घुमलं! नाव पूर्ण परत आलं, न तोडता. पुन्हा ओरडलो, पुन्हा आलं. लिहायला लाज वाटते, पण डोळ्यांत पाणी आलं. मग मीच मोठ्यानं 'ओ' दिली आणि एकटाच हसत सुटलो.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आजही ओरडलो. वरून 'सम्राट रं' असं आलं. 'रं' मी म्हटलं नव्हतं.

आक्काबाईंना सांगितलं, तर त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. मग सगळं बोलल्या. त्यांचा कोंडीराम इथंच कामाला होता. तेव्हा खालून हाक मारायची, 'कोंडीराम, उतरलास का रं?' त्यानं ओ दिली की ब्रेक सोडायचा. एकदा हाक गेली आणि ओ आली. ती दिली माळावर शेरडं राखणाऱ्या दुसऱ्या कोंडीरामनं. त्याला वाटलं, आपल्यालाच बोलावलं. आक्काबाईंचा वरच होता, यंत्रापाशी. ब्रेक सुटला आणि दांड्यानं त्याला ओढून घेतलं. माझ्या लेकराची ओ दुसऱ्यानंच दिली, म्हणाल्या, आता त्यो दुसऱ्याची ओ हुडकतोय. रडत रडत मलाच विचारलं, त्याचा आवाज कसा हुता, घसा बसल्यावानी न्हाई ना? आणि तू ओ न्हाई ना दिलीस?

नाही म्हणालो. खोटं बोललो.

म्हणजे विटाळाचं काही नव्हतं. काकांची माफी मागायला हवी.

सोमवार, २४ नोव्हेंबर

काका आले ते तापानं फणफणतच. जामखेडच्या दवाखान्यात ठेवलंय. माळावर मी एकटा. दुपारी वारा पडला की खांबातून हाका सुरू. ताट वाजवत बसतो, म्हणजे ऐकू येत नाहीत. खरं सांगू? भीती वाटतेच, पण हाक आली की बरंही वाटतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटते. इतक्या मायेनं इथं कुणी माझं नाव घेतलेलं नाही.

निघून जावं? बापूंना काय सांगू, स्वतःच्याच नावाला भ्यालो?

मंगळवार, २ डिसेंबर

आता हाका बंद. आज खांबातून ओ आली. कुणी हाक मारली नव्हती.

आवाज माझा होता.

शुक्रवार, ५ डिसेंबर

काकांच्या जागी पुण्याहून राधाकृष्ण साहेब आलेत. माणूस बघून जीव भांड्यात पडला. त्यांना हात जोडून सांगितलं, तोंड बघितल्याशिवाय ब्रेक सोडू नका. हसले. बरं बरं म्हणाले. उद्या वर जायचंय. माझं नाव त्यांनी पूर्ण घेतलं. छान आहे म्हणाले.

शनिवार, ६ डिसेंबर

आज सहा डिसेंबर. घरचे सगळे वंदनेला जमले असतील.

मी वर. ग्रीस झालं. उतरायचं दार दांड्याच्या पलीकडे, मी अलीकडे कोपऱ्यात. वही खिशातच होती. उतरायला गेलो होतो, परत आलो. शिडीवर खाली कुणीतरी आहे. साहेब नाहीत. साहेब पॅनेलच्या खोलीत —

वारा सुटला —

हाक आली. साहेबांची, खरी. सम्राट, उतरलास का?

ओरडतोय, नाही, वर आहे, वर — वाऱ्यात आवाज जात नाही —

पुन्हा हाक. साहेब, तोंड बघा, तोंड —

शिडीवरचा उतरतोय. भराभर —

खालून ओ दिली. माझ्या आवाजात. किती खुशीत दिली —

आई गं, चिमटा उघ