एडिटरला वेनिंगचं नाव सुचत नाही

४ मार्च, सकाळी १०.२०
बरोबर या मिनिटाला माझं आयुष्य बदललं. शेजारच्या टेबलावरच्या वेनिंगने भर ऑफिसात मला 'दिक' म्हटलं. म्हणजे धाकटा भाऊ. दिक गालिह, तुझा चहा गार होतोय म्हणे. पार्किंगवाला मास, म्हणजे दादा, बाक्सोच्या सूपची गाडी लावणाराही मास, मी दिक. आमच्या जावा बेटावर बायको नवऱ्यालाही मास म्हणते, हे तिला माहीत नाही का? अकरा महिन्यांनीच तर लहान आहे मी.

४ मार्च, दुपारी
संबंध तोडले. प्रोग्रॅम लिहायच्या एडिटरमध्ये डावीकडे तिच्या नावाचं फोल्डर सतत दिसतं. सेटिंगमध्ये 'लपवा' यादीत टाकलं. फाइली जागेवरच, फक्त माझ्या डोळ्यांपुढे नकोत. वर तारीख घालून कारण लिहिलं. कॉलेज अर्धवट सोडलं, पण प्रत्येक ओळीला टीप लिहायची सवय तिथलीच.

१९ मार्च
तिला माफ केलं. कळवलेलं नाही. आमचे साहेब, पाक दारसोनो, म्हणाले की दवाखान्याच्या रांगेचा स्क्रीन तू कर. पुढच्या शुक्रवारी डॉक्टर बघायला येणार, नाही जमलं तर वेनिंगला देतो. म्हटलं, दोन दिवस पुरे. शुक्रवारी भिंतीवर माझं काम झळकेल, ती आपणहून मास म्हणेल. ठरलं.

२३ मार्च
एडिटर हरामखोर आहे. माझ्या फाइलच्या डोक्यावर तिची फाइल इन्क्लूड केलीय, म्हणजे जोडून घेतलीय. दोन अक्षरं मारली की एडिटरने सुचवलेली तिच्या फंक्शनांची नावं खाली यायला हवीत. एकही येत नाही. प्रोग्रॅमला फाइल सापडते, एडिटरच आंधळा. बाकी सगळ्यांच्या फाइलींतली नावं येतात. फक्त तिची नाहीत. म्हणजे तिनेच काहीतरी करून ठेवलंय. सूड.

२४ मार्च
नावं सुचवणारं एक्स्टेंशन काढून परत टाकलं. तिच्या फाइलचा पाथ पूर्ण लिहिला. एडिटरच उडवून नवा घेतला. सेटिंग जुनी राहिली ते बरं, रंग परत लावावे लागले नाहीत.
वेनिंग विचारत होती, दिक, अडलंय का काही, बघू का. म्हटलं, माझं अडत नसतं. म्हणाली, मग टेबल कशाला बडवतोस, माझा चहा हिंदकळतो.

२६ मार्च
तिची बासष्ट नावं पाठ करून हाताने मारतोय. दर तिसरं चुकतं. माऊस भिंतीवर आपटला. उद्यापासून शांत राहायचं.

२७ मार्च, सकाळी ११.४०, पार्किंगमध्ये
साहेब, दोन डॉक्टर, भिंतीवर माझा स्क्रीन. पांढराफटक. मी सरळ सांगितलं की इथलं कुणीतरी मुद्दाम नावं लपवतंय. वेनिंग म्हणाली, बघू या कोण ते. कीबोर्ड ओढला, सेटिंग उघडली. भिंतीवर हातभर अक्षरं: '४ मार्च. मास म्हणेपर्यंत हिचं नाव डोळ्यांपुढे नको.' खाली तिचं फोल्डर. डॉक्टरीणबाईंनी मोठ्याने वाचलं. साहेबांनी विचारलं, हे कुणी लिहिलं. म्हटलं, अपडेट आला की होतं असं.
तिने ती ओळ उडवली. दोन अक्षरं मारली. बासष्टच्या बासष्ट नावं सरसर खाली आली. मग कीबोर्ड माझ्याकडे सरकवत म्हणाली, झालं, मास.
पार्किंगवाल्याला गाडी काढायला सांगताना म्हणते, तस्संच.
मी उठलो. हेल्मेट आत राहिलं ते दारात आठवलं. वळलो नाही. बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.