अळवाचं फूल कापू नका

बाबा,

चर्चमागच्या अळवाला फूल आलंय. फुलामुळे कंद पोसत नाही म्हणून लगेच कोयता घ्याल, पण आज नको! मी सोलोमामाच्या वेगळ्या जातीच्या अळवाचे पराग आणायला निघालेय.

आपण देठ लावतो, तेव्हा प्रत्येक पेशी दुभंगताना स्वतःची हुबेहूब नक्कल करते. सगळं शेत म्हणजे एकच झाड! म्हणून करपा आला तेव्हा आख्ख्या सामोआत अळू उरलं नाही. फुलात मात्र पेशी निम्मीच गुणसूत्रं ठेवते, निम्मी परागातून येतात. प्रत्येक बी वेगळं. त्यातलं एखादं करप्याला पुरून उरेल का, बघायचंय.

नारळाच्या दुधातली केळी तुमच्यासाठी झाकून ठेवलीयेत.

आणि काल ओरडलात ना, "माझ्यासारखी का नाहीस?" मुलगी हुबेहूब हवी होती, तर देठ लावायचा होता.

निम्मी तुमचीच,
मासिना