ब्लॅकआउटचे बारा सेकंद

४ जानेवारी, तळा
रिहर्सल. अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, मंडळाच्या नाटकात सलग नवव्यांदा इन्स्पेक्टर मीच. पहिल्या अंकाच्या शेवटी ब्लॅकआउट. बारा सेकंदांत विंगेत जायचं. आज विंगेऐवजी सोफ्यावर गेलो. सोफ्यावर प्राप्तीबाई बसल्या होत्या. त्या विधवेचं काम करतात. चूक स्टेजवरच्या हॅलोजनची, डोळे दिपवतो.

५ जानेवारी, दुपार
यूट्यूबवर अभ्यास. डोळ्यात शंकूपेशी आणि दंडपेशी असतात. झगझगीत उजेडाने त्यांच्यातलं रंगद्रव्य फिकं पडतं. ते भरून यायला शंकूंना काही मिनिटं, दंडांना अर्धा तास. म्हणजे दोष निसर्गाचा.
दिग्दर्शिका तेजस्वीला समजावलं. ती म्हणाली, "काका, बाकीच्यांच्या डोळ्यांतही त्याच पेशी आहेत ना?" शाळेत विज्ञान शिकवते. जरा आगाऊ आहे.

८ जानेवारी
संकल्प: रोज सहा गाजरं. व्हिटॅमिन ए.

१० जानेवारी
गाजरं बंद. पोट.

१३ जानेवारी
नूतनने ओढत डोळे तपासणी शिबिरात नेलं. बायकोपुढे कोणाचं चालतं! भक्ती नावाची डॉक्टर, फार तर तीस वर्षांची. एकेका डोळ्यात दहा सेकंद टॉर्च मारला, मग अक्षरं वाचायला लावली. उजव्याला चाळीस सेकंद. डाव्याला अडीच मिनिटं. म्हणाली, मिनिटाच्या आत दिसायला हवं. मी म्हटलं, मी सरकारी माणूस, नीट वाचल्याशिवाय बोलत नाही. ती हसली नाही. डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन करायला अलिबागची चिठ्ठी दिली, लगेच जा म्हणाली.
नाटक झाल्यावर बघू.

१७ जानेवारी
युक्ती सापडली! प्रवेशभर डावा डोळा मिटून ठेवायचा, ब्लॅकआउटला उघडायचा. उजेड न पाहिलेला डोळा अंधारात ताजातवाना. पूर्णपणे शास्त्रीय.
कोठीच्या खोलीत प्रयोग केला. तांदळाची गोण स्पष्ट दिसली. गोण म्हणाली, "जावईबापू, काय शोधताय?" सासूबाई, चंद्राबाई, निवडायला तांदूळ काढत होत्या.
एकंदरीत यश.

२६ जानेवारी, सकाळ
संध्याकाळी प्रयोग. आत्मविश्वास प्रचंड.

२७ जानेवारी
सविस्तर लिहितो. प्राप्तीबाईंची चौकशी करताना डावा डोळा मिटलेला. वाक्य होतं, "बाई, काल संध्याकाळी तुम्ही एकट्याच होता का?" पहिल्या रांगेतून शिट्टी. मग सगळीकडून. पुढच्या वाक्याला आणखी. प्राप्तीबाईंनी पदर डोक्यावर घेतला, ते नाटकात नव्हतं. त्यांचे मिस्टर तिसऱ्या रांगेत उभे राहिले.
ब्लॅकआउट. डोळा उघडला. आणि दिसलं! बाकी सगळे आंधळे, मी एकटा डोळस. ताठ मानेने चालत गेलो आणि स्टेजच्या खांबावर आपटलो. तीन टाके.
दुसऱ्या अंकात इन्स्पेक्टरची बदली झाली, असं तेजस्वीने माइकवरून सांगितलं.
खांब वाकडा होता. मधोमध चक्क पोट आलेलं. मी पाहिलं.

२८ जानेवारी
स्टेज उतरवायच्या आत नूतनला आणि तेजस्वीला मैदानातल्या स्टेजवर नेलं. पुरावा दाखवायला. स्टेज बांधणारा सदाही होता. त्याला विचारलं, असले वाकडे खांब लावतोस? त्याने खांबाला वरून ओळंबा सोडला. दोरी खांबाला वरपासून खालपर्यंत चिकटून.
"खांब सरळ हाय, दादा."
मी उजवा डोळा झाकला. खांबाला पोट. दोरीलाही पोट. डावा झाकला. दोन्ही सरळ.
पुन्हा केलं. तेच.
तेजस्वीने हळूच विचारलं, "काका, कधीपासून असं दिसतंय?"
आठवायला वेळ लागला नाही. म्हणालो, दिवाळीपासून.
नूतनने माझा हात धरला आणि एकेक पायरी सांगत मला स्टेजवरून खाली उतरवलं. भर दुपार होती. सदा बघत होता. मी हात सोडवून घेतला नाही.