समोरची खुर्ची

मंगळवार, ३ फेब्रुवारी

फळ्यावर ह्यांचं नाव!

वाचनालयाच्या जिन्याखाली जो हिरवा फळा आहे, नव्या सभासदांचे अर्ज लावतात तो. आधी वाटलं, असेल दुसरंच कुणी त्याच नावाचं. मग पत्ता वाचला. आमचाच. खाली ह्यांची ती ऐसपैस सही. कठडा धरून उभी राहिले. मागून कुणीतरी विचारलं, 'बरं वाटत नाही का?' म्हटलं, जिना चढून दम लागला. चढलेही नव्हते मी जिना!

पंधरा दिवस नाव तिथे राहील. तोवर कुणी हरकत घेतली नाही तर हे सभासद.

सकाळी चहा पिताना हे शीळ घालत होते.

बुधवार, ४ फेब्रुवारी

काल जेवताना हे म्हणाले – 'कशी वाटली गंमत? रोज जातेस आणि येतेस ती अशी तरंगत! म्हटलं, बघावं तरी काय आहे तिथे. आता दोघं मिळून जात जाऊ.'

तरंगत येते, हे खुपलं तर!

सगळ्या शहराला ह्यांचा आवाज आवडतो. उद्घाटन असो, सत्कार असो, शोकसभा असो – सूत्रसंचालनाला हेच. 'काय मधाळ आवाज हो!' तोच आवाज घरी. परवा दूध उतू गेलं. का गेलं? लक्ष नव्हतं. का नव्हतं? कुठे होतं? कुणाचा विचार चालला होता? उत्तर दिलं तर उलट बोलतेस. नाही दिलं तर तोंड शिवलंय का. बाथरूममध्ये गेले तर दाराला टेकून उभे राहिले आणि पुढचं चालू. गॅस पुसून, जेवण होऊन, अंथरुणं घालून झाली, तरी दूध उतू जातंच होतं! हात मात्र कधी उचलला नाही – हे मी स्वतःच लोकांना सांगते. जशी काही मला बक्षिसी मिळालीय.

वाचनालयात कुणी बोलत नाही. बोलायचंच नाही. जुन्या व्यापाऱ्यांनी वर्गण्या काढून बांधलेलं, सरकारचा एक पैसा नाही, सभासदाखेरीज कुणाला आत पाऊल टाकता येत नाही. बाबा आजीव सभासद होते. ते गेले आणि कार्ड माझ्याकडे आलं, दादाला नको होतं म्हणून. गोल वाचनकक्ष, वर काचेचा घुमट, खाली बुचाची जमीन – पावलंसुद्धा वाजू नयेत म्हणून. फोन बाहेरच जमा करायचे. दारावर पाटी : 'आत बोलणाऱ्याचे कार्ड जमा केले जाईल.' आणि करतात! मागे एका बड्या डॉक्टरचं केलं. परत मिळालं नाही.

खिडकीजवळ बाबांची खुर्ची. दुपारी तिथे बसले की मी माणसात येते. मला एवढंच आहे. एवढं एकच आहे.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

ह्यांच्या अर्जावर सूचक कोण? घोरेश्वर!

नाव मी ठेवलंय. निवृत्त न्यायाधीश. पेपर तोंडावर घेतात आणि घोरतात. घोरण्याला नियमात शिक्षा नाही ना. सकाळी फिरायला जाताना ह्यांनी गाठलं असणार. जिन्यात भेटले. 'वहिनी, भाग्यवान आहात! यांचा आवाज म्हणजे नुसतं ऐकत राहावं.'

ऐकतेच आहे हो. लग्न झाल्यापासून दुसरं काय करतेय?

शनिवार, ७ फेब्रुवारी

दुसरी जागा शोधली. बागेतला बाक, स्टेशनवरची प्रतीक्षा खोली, दवाखान्यातली बाकडी. सगळीकडे फोन वाजला. 'कुठे आहेस? आवाज कसला येतोय मागे? दाखव बरं.' दाखवलं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

मुलीला फोन केला. 'अगं आई, बाबांना एकटं वाटत असेल. तू दुपारभर गायब! आणि तिथे बोलायचंच नाही ना, मग त्रास कसला?' बरोबर आहे तिचं. हिशेबाने अगदी बरोबर. परदेशात तिच्यापर्यंत हा आवाज पोचत नाही एवढंच.

दादाला फोन केला. 'नवरा वाचनालयात येतो म्हणून रडणारी पहिलीच बघितली. लोक हसतील तुला.' म्हटलं, चार दिवस तुझ्याकडे येऊ का? 'ये की! दोघंही या.'

दोघंही या!

मंगळवार, १० फेब्रुवारी

ग्रंथपालबाईंना गाठलं. आम्ही त्यांना शूबाई म्हणतो – ओठांवर बोट ठेवून कायम 'शू!' एवढ्या वर्षांत त्यांचं एक पूर्ण वाक्य मी ऐकलेलं नाही. पुस्तकं झटकण्याच्या खोलीत नेलं, दार लावलं. तिथेही कुजबुजत – 'हरकत लिहून पेटीत टाका. पण सही लागते. आणि कारण लागतं. कारण चिटणीस वाचतात.'

मी ही वही पुढे केली. म्हटलं, घरी नेता येत नाही, हे पर्स तपासतात. आजवर बाबांच्या खुर्चीच्या गादीखाली ठेवायचे, आता तेही जमणार नाही. काही न विचारता त्यांनी ती टेबलाच्या खणात टाकली. थोड्या वेळाने वार्षिक अहवालांच्या बाडात घालून दिली, आता रोज तशीच देणार. ते बाड दुसरं कोण मागणार!

गुरुवार, १२ फेब्रुवारी

कारण : मला इथे शांत बसायचं आहे. – मग बसा की, कोण नको म्हणतंय?

कारण : अर्जदार फार बोलतात. – इथे कुठे बोलणार?

कारण : अर्जदार माझे यजमान आहेत.

हसू आलं वाचून. मग रडू. पेपराआड तोंड घातलं. घोरेश्वरांकडून शिकले.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

टाकली. 'मला त्यांची भीती वाटते. या इमारतीत वाटत नाही. कृपया एवढी एक जागा राहू द्यावी.' सही केली, पेटीत टाकली आणि लगेच वाटलं, हात आत घालून काढावी. चीर बारीक आहे. बोटं जात नाहीत.

सोमवार, १६ फेब्रुवारी

चिटणीसांनी ह्यांना फोन केला! शुक्रवारीच संध्याकाळी! मी समोरच उभी होते. 'अहो, घरचीच हरकत आलीय तुमच्यावर!' – पलीकडचं हसू मला इथे ऐकू आलं. हेही हसले. अगदी स्टेजवर हसतात तसे. 'भांडण झालंय थोडं, रुसलीय. टाका केराच्या टोपलीत.'

फोन ठेवला.

शनिवार-रविवारचं लिहवत नाही.

बुधवार, १८ फेब्रुवारी

झाले सभासद. चिटणीसांनी टाळ्या वाजवल्या – बाहेर, व्हरांड्यात.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

समोरच्या खुर्चीत बसले. एवढा मोठा कक्ष, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, आणि बरोबर माझ्या समोर. म्हटलं, बसू देत. निदान बोलता तर येणार नाही.

थोड्या वेळाने टेबलावरून एक चिठ्ठी सरकत आली. 'काय वाचतेस?'

मी पुस्तकाचं नाव दाखवलं. दुसरी चिठ्ठी. 'पान उलटलं नाहीस बराच वेळ. लक्ष कुठे आहे?'

माझ्या कानात आवाजच घुमला. अक्षरातून! वर बघितलं, हे मंद हसत होते. बाजूच्या बाईंनी कौतुकाने आमच्याकडे बघितलं. या वयात चिठ्ठ्या!

शनिवार, २१ फेब्रुवारी

'पाय हलवू नकोस.'
'तो म्हातारा तुझ्याकडे का बघतो?'
'खिडकीतून काय दिसतंय?'
'पाण्याला उठलीस, एवढा वेळ?'

सगळ्या पर्समध्ये कोंबते. टाकायच्या कुठे? टोपलीत टाकली तर म्हणतात, माझ्या चिठ्ठीची ही किंमत?

हे मी बायकांच्या स्वच्छतागृहात लिहितेय, बाड मांडीवर घेऊन. आता हीच जागा उरली.

सोमवार, २३ फेब्रुवारी

आज बाबांच्या खुर्चीत हेच बसले. 'उजेड बरा आहे.'

मी कुठे जाऊ? खरंच, कुणी सांगा. घर नाही, दादा नाही, मुलगी नाही, बाकडं नाही. सकाळी पुलावर बस थांबली तेव्हा खाली पाण्याकडे बघत राहिले. बस हलली तेव्हा वाईट वाटलं. हे लिहून ठेवते. कुठेतरी असू दे.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

गोष्टीत एक विनोद होता, मला फसकन हसू आलं. आवाजसुद्धा नाही झाला! कितीतरी दिवसांनी आलं होतं. लगेच चिठ्ठी –

'हसलीस कशाला? घरी चल. मग बघतो.'

पुन्हा स्वच्छतागृहात येऊन बसलेय. बंद व्हायची पहिली घंटा झाली. बाहेर शूबाई दारावर टकटक करतायत, हळूच.

बुधवार, २५ फेब्रुवारी

काल बाहेर गेले ती सरळ कक्षाच्या मधोमध. पर्स टेबलावर पालथी केली आणि चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायला लागले. पाय हलवू नकोस. पाण्याला उठलीस, एवढा वेळ. एकेक. माझा आवाज घुमटाला लागून परत येत होता – एवढा मोठा आहे तो, मला माहीतच नव्हतं! घोरेश्वर खडबडून जागे झाले. शेवटची वाचली. घरी चल. मग बघतो.

'बस खाली!' तो ओरडला. घरातल्या आवाजात. पहिल्यांदा सगळ्यांनी तो ऐकला. चिटणीस दारात उभे होते, ते माझी नजर चुकवून जमिनीकडे बघायला लागले.

शूबाई आल्या. आधी त्याचं कार्ड घेतलं. मग माझ्यापुढे हात केला. नियम म्हणजे नियम. बाबांचं कार्ड गेलं.

घरी गेले नाही. शूबाईंच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. काय बोलतात ह्या बाई! कालपासून तोंडाला खंड नाही. भांडी आपटत, हातवारे करत, नळाच्या वरताण आवाजात – बहिणीच्या सुनेबद्दल, गुडघ्याबद्दल, चिटणीसाच्या सात पिढ्यांबद्दल. आत्ता मध्येच थांबल्या, ओठांवर बोट गेलं. 'माझ्या आवाजाचा त्रास होतोय का हो तुम्हाला?'

म्हटलं, नाही. बोला तुम्ही.