फाइना ल्वोव्हनांचे दोन तृतीयांश

चेर्नोगोलोव्का, सोमवार

तीर्थरूप सावेलीमामा,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुमचं ब्लडप्रेशर ताब्यात आहे ना? ग्लाफिरामामींचे गुडघे काय म्हणतात? खारवलेली अळंबी पोचली (बरणी सहकाऱ्यांपासून लपवली आहे).

मामा, मला तोंड दाखवायला जागा उरलेली नाही. आमच्या संस्थेत फाइना ल्वोव्हना म्हणून बाई प्रयोग करतात आणि मी गणितं करतो (खुर्ची न सोडता). धातूच्या पातळ पापुद्र्याचं एक टोक ऊन, दुसरं गार ठेवून वरून चुंबक लावला, की कडांमध्ये इवलासा विद्युतदाब उमटतो. थंडी जरा कमी होऊन अतिवाहकता (कडाक्याच्या थंडीत वीज विनाअडथळा वाहणं) विझली, तरी ती इकडेतिकडे क्षणभर लुकलुकत राहते, तिचीच ही करामत. तो दाब किती यावा, हे माझ्या सूत्रानं छातीठोक सांगितलं. बाईंनी मोजला, तर बरोबर एक तृतीयांश! भर सभेत मी उठून म्हणालो, "फाइना ल्वोव्हना, उरलेले दोन तृतीयांश उपाहारगृहात विसरलात की काय?" सगळे खो खो हसले (सगळ्यात मोठ्यानं मी). "बघते पुन्हा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पाच महिने तारांचे सांधे उसवून नव्यानं डाख देत बसल्या. दाब आपला तेवढाच.

परवा दाढी करताना आठवलं. चुंबकामुळे पापुद्र्यात काही प्रवाह नुसते गोल गोल फिरतात, तारेपर्यंत येतच नाहीत. ते वजा करायचे असतात. (हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवतो!) वजा केले. उरला एक तृतीयांश. अर्धी दाढी तशीच ठेवून त्यांच्या दारापर्यंत धावलो. त्या भिंगातून डाख देत होत्या. माझ्या तोंडून निघालं, "चहा घेणार?"

"हात गुंतलेत."

मी परत आलो.

तुमचा नालायक भाचा,
वेन्या

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. गुरुवारी बाई सभेत स्वतःची चूक कबूल करणार आहेत. बुधवारपर्यंत 'मामा अत्यवस्थ, ताबडतोब निघ' अशी तार कराल का?

ता. क. २. तार करू नका. पाकीट चिकटवायच्या आधी जाऊन सांगून टाकलं. बाईंनी भिंग खाली ठेवलं.

"म्हणजे माझे पहिले सांधे चांगले होते?"

"होय."

"पहिला पापुद्रा मी सदोष समजून फेकून दिला, वेनियामिन पेत्रोविच. तसा पुन्हा जमलाच नाही."

मामा, त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.