समासातला ठिपका

ताई, औरंगपुऱ्यातलं आपलं ऑफिस आता तिथं नाही. त्या अरुंद जिन्यावर हल्ली कोचिंग क्लासची पोरं चपला काढून ठेवतात. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आज लिहायला बसले, कारण जे घडलं ते तुमच्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

मी नवीन होते तेव्हाचं तुम्हाला आठवत असेल. परदेशातून मदत देणाऱ्या संस्थेसाठी आपण गावोगावच्या बायकांना विचारत फिरायचो, घरातले निर्णय कोण घेतं म्हणून. सिल्लोडच्या पुढं एका वस्तीवर मी एका मेंढपाळाच्या बायकोला विचारलं, दवाखान्यात कधी जायचं ते कोण ठरवतं? उत्तर दिलं नवऱ्यानं. "तिचं तीच ठरवती की." तिनं मान हलवली, मी फॉर्ममधल्या 'स्वतः'वर खूण केली. संध्याकाळी फॉर्म चाळताना तुम्ही विचारलंत, "हे कोण बोललं?" मी खरं सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत, त्याहून वाईट केलंत. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मला परत तिथंच धाडलंत. ती बाई कळपामागं निघाली होती. "काल मालकानं सांगितलं की समदं. तेच लिव्ह." मी म्हटलं, मला तुमचं उत्तर हवंय. ती थबकली. "मला इचारतीस व्हय? मग थांब जरा. असं एकदम नाय सांगता येत." मी थांबले. मेंढरं लांब गेली, आणि शेवटी तीही त्यांच्या मागं गेली.

परत आले तेव्हा तुम्ही मला एक लाल पेन दिलंत. बाई उत्तर देत असताना घरातला पुरुष शेजारी बसला असेल, तर त्या उत्तरासमोर समासात एक ठिपका द्यायचा. ते ठिपके तुम्ही स्वतः मोजायचात आणि अहवालाच्या शेवटी त्यांच्याबद्दल एक वाक्य घालायचात. वरची मंडळी दरवर्षी ते वाक्य काढायला सांगायची, तुम्ही दरवर्षी भांडायचात. तुम्ही गेलात आणि पुढच्याच अहवालातून ते गेलं. मग कागदही गेले, टॅबलेट आले. त्यातले मराठी प्रश्न मी लिहिले. "काही राहिलंय का?" असं मीटिंगमध्ये वरच्यांनी विचारलं, तेव्हा ठिपका माझ्या अगदी ओठांवर होता. जेवणाची वेळ टळून गेली होती, सगळे कंटाळले होते. मी "नाही" म्हटलं. तेव्हापासून दर अहवालात स्वतः निर्णय घेणाऱ्या बायका वाढतच चालल्या आहेत. परदेशी पाहुणे येतात, टाळ्या होतात. मीही वाजवते.

यंदा मला मराठवाड्यात प्रश्न विचारत फिरणाऱ्या मुलींच्या सगळ्या प्रशिक्षणांचं प्रमुखपद देऊ केलं होतं. महिन्यातले पंधरा दिवस फिरती. ताई, मला ते फार हवं होतं. घरी सांगितलं तर हे म्हणाले, "मी कुठं अडवतोय? तू ठरव." मग आठवडाभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. वाढलेलं जेवायचे आणि उठायचे. आठव्या दिवशी मी नकार कळवला. त्याच संध्याकाळी यांनी गुलमंडीतून माझ्यासाठी साडी आणली. तसे हे स्वभावानं वाईट नाहीत, माझ्यावर कसली जबरदस्ती झाली नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलनीत एक मुलगी टॅबलेट घेऊन आली. प्रश्न माझेच, शब्दनशब्द. नोकरीबद्दलचा शेवटचा निर्णय कोणी घेतला? हे सोफ्यावरून हसत म्हणाले, "आमच्याकडं सगळं हीच ठरवते." मुलीनं माझ्याकडं पाहिलं. थांब जरा, असं म्हणावंसं वाटलं. पण तिला थांबायला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि ते शिकवायचं काम मी नुकतंच नाकारलं होतं. "हो, मीच," मी म्हणाले. तिनं बोट टेकवलं आणि पुढचा प्रश्न आला.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, जुन्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात ठेवीन. एक मात्र सांगून टाकते. वरचं ते जबरदस्तीचं वाक्य लिहीत होते, तेव्हा हे चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसले होते. त्या वाक्यासमोर समासात मी ठिपका दिला आहे. तुमचं पेन केव्हाच वाळलं, म्हणून निळा.